हडलूचे मोल कोणी ठरवायचे?

म्हैसूर जिल्ह्याच्या नैऋत्येस, केरळातील वायनाडला लागून, हेग्गडदेवनकोटे तालुका आहे. रोजच्या बोलण्यात त्याला एच. डी. कोटे म्हणतात. या तालुक्याच्या जंगलात सखल, ओलसर गवताळ पट्टे जागोजाग आढळतात. कन्नडमध्ये त्यांना ‘हडलू’ असे नाव आहे. दोन्ही बाजूंच्या उतारांवर साग, ऐन, शिसवी आणि बांबू, आणि मध्ये झाड नसलेली चिकणमातीची दलदल, असे त्यांचे रूप असते. पावसाळ्यात उतारांवर मुरलेले पाणी हळूहळू या पट्ट्यात येऊन थांबते. मार्च-एप्रिलमध्ये आजूबाजूचे रान करपून गेले तरी हडलूत हिरवे गवत टिकून असते. चितळ, गवे आणि हत्ती त्याच्या आश्रयाला येतात आणि त्यांच्या मागोमाग रानकुत्री व वाघ येतात. वायनाडात अशाच पट्ट्यांना ‘वयल’ म्हणतात आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या भात पिकत आला आहे. हडलूच्या काठाने जेनू कुरुब, बेट्ट कुरुब आणि यरव या आदिवासींच्या हाड्या, म्हणजे वस्त्या, होत्या. काही ठिकाणी त्या अजूनही आहेत.

अशा जमिनीचे मोल काय? वरवर पाहता हा प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञांचा वाटतो. परंतु गेल्या दीडशे वर्षांत या एका तालुक्यातील दलदलींचे मूल्यमापन ज्या ज्या वेळी झाले, त्या त्या वेळी मोजपट्टी कोणाच्या हातात होती हे पाहिले की, प्रश्न केवळ शास्त्राचा नाही हे ध्यानात येते.

पहिले मूल्यमापन म्हैसूर संस्थानाने केले आणि ते हत्तींच्या हिशेबात केले. कबिनी नदीकाठच्या काकनकोटे जंगलात ‘खेड्डा’ होत असे. रानटी हत्तींचे कळप हाकारून नदीकडे आणायचे आणि खंदक व मेढेकोटाच्या आत कोंडायचे, अशी ती पद्धत होती. व्हाइसरॉय आणि युरोपातील राजपुत्र ती पाहण्यास पाहुणे म्हणून येत. हाकारा घालणारे आणि पकडलेले हत्ती माणसाळविणारे बहुतांशी कुरुब होते. दलदलीतील गवत मौल्यवान होते, कारण त्यामुळे हत्ती तेथे येत. ते कोणत्या वाटेने आणि कोणत्या महिन्यात येतात हे ज्ञान कुरुबांचे होते. त्या ज्ञानाची किंमत मात्र रोजंदारीपलीकडे कधी गेली नाही.

दुसरे मूल्यमापन पाटबंधारे खात्याचे. शेवटचा खेड्डा १९७१ मध्ये झाला आणि १९७४ मध्ये कबिनीचे धरण पूर्ण झाले. साडेएकोणीस अब्ज घनफूट साठ्याच्या या जलाशयाखाली काकनकोट्याचे खेड्ड्याचे मैदान, नदीकाठचे जंगल, हडलू आणि गावे गेली. बुडणाऱ्या जमिनीच्या हिशेबात शेतजमिनीला भाव होता आणि इमारती लाकडालाही होता. ज्या जमिनीवर झाड नाही व सातबारा नाही, ती दलदल कोणत्याच रकान्यात बसली नाही, आणि तिच्या काठी कागदावाचून राहणारा माणूसही बसला नाही. कबिनी, नुगू, तारका आणि हेब्बळ्ळ अशी चार धरणे एकट्या या तालुक्यात आहेत.

यानंतर जे घडले ते धरणाच्या कोणत्याही आराखड्यात नव्हते. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी ओसरते, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत येते आणि नागरहोळे, बंडीपूर व वायनाडच्या जंगलांतून शेकडो हत्ती त्या काठावर गोळा होतात. आशियाई हत्तींचा इतका मोठा मेळा अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळतो. बुडालेल्या हडलूंचे काम काही अंशी माणसाने बांधलेला जलाशय करू लागला. येथून तिसरे मूल्यमापन सुरू झाले, ते पर्यटनाचे. महाराजांच्या शिकारगृहात कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस कंपनीचा मुक्काम उभा राहिला आणि पुढे खाजगी रिसॉर्टांची रांग लागली. नागरहोळेच्या आत मुरकल येथील वनखात्याच्या इमारती ताज समूहातील गेटवे हॉटेल्सला भाडेपट्ट्याने देण्यात आल्या. त्याविरुद्ध आदिवासींच्या संघटनेने लढा दिला आणि १९९७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो भाडेपट्टा बेकायदा ठरविला. ज्या जंगलात आदिवासीच्या चुलीमुळे वन्यजीवांना धोका होतो असे सांगितले जात होते, त्याच जंगलात हॉटेलच्या भटारखान्यामुळे होत नाही, असा तो अजब न्याय होता!

दलदलीचे शास्त्रीय मूल्यमापन खरोखर काय देऊ शकते हे पाहावयाचे तर एच. डी. कोट्यापासून फार दूर जावे लागत नाही. दक्षिणेला निलगिरीच्या माथ्यावर खऱ्या अर्थाने पीटच्या दलदली आहेत. साचलेल्या पाण्यात हवा पोहोचत नाही, म्हणून मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत. त्यांचे थरावर थर साठून जी काळी, स्पंजासारखी माती बनते ती पीट. हडलूची चिकणमाती ही पीट नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. दोन्हींना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. निलगिरीतील पीटच्या थरांचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे रामन सुकुमार आणि त्यांचे सहकारी यांनी केला व १९९३ मध्ये तो ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. थरांतील कर्बाच्या समस्थानिकांवरून, कोणत्या काळी तेथे गवत अधिक होते आणि कोणत्या काळी झाडी, हे सांगता येते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या कोरड्या, थंड काळात तेथे गवताळ प्रदेश पसरलेला होता, असा त्याचा निष्कर्ष होता.

या निष्कर्षाचे व्यवहारातील महत्त्व मोठे आहे. ब्रिटिश अमदानीपासून वनखाते निलगिरीच्या गवताळ माळांना पडीक जमीन समजत आले. आदिवासींनी जंगल जाळून ही माळराने केली असा समज रूढ होता. त्या समजुतीच्या आधारे तेथे निलगिरीची झाडे आणि ऑस्ट्रेलियन बाभळी लावण्यात आल्या. पुढे त्यांचे लाकूड रेयॉनच्या कारखान्यांना पुरविले गेले. पीटने दिलेली साक्ष वेगळी होती. ती माळराने मानवी वस्तीपूर्वीची, निसर्गाचीच होती. शंभर वर्षे जो आरोप तोडा पशुपालकांवर ठेवला गेला, तो चिखलाच्या थरांनी खोटा पाडला. ओढ्याकाठच्या दलदलीत उगवणाऱ्या एका विशिष्ट गवतानेच तोडा आपली अर्धगोल मंदिरे शाकारतात. ते गवत कोठे उरले आणि कोठे नाहीसे झाले हे त्यांना कोणत्याही सर्वेक्षणाआधी ठाऊक होते.

पीटच्या प्रश्नाला जागतिक बाजूही आहे. पृथ्वीच्या भूभागापैकी सुमारे ३ टक्केच क्षेत्रावर पीट आहे, परंतु जगातील सर्व जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून असलेल्या कर्बापेक्षा अधिक कर्ब त्यात कोंडलेला आहे. ही जमीन कोरडी केली की तो कर्ब हवेत जातो, आणि आग लागली तर ती महिनोन्‌महिने जमिनीखाली धुमसत राहते. इंडोनेशियात सुहार्तोच्या राजवटीने १९९५ मध्ये कालीमांतानमधील सुमारे १० लाख हेक्टर पीट दलदल भातशेतीसाठी कोरडी करण्याची योजना काढली. हजारो किलोमीटर कालवे खणले गेले, लाकूड विकले गेले, भात मात्र पिकला नाही, आणि १९९७ मध्ये त्या जमिनी पेटल्या. डायाक लोकांच्या वेताच्या बागा आणि मासेमारीची तळी त्यात गेली.

हा दोष केवळ भांडवलशाहीच्या माथी मारून मोकळे होणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. सोव्हिएत सत्तेच्या पहिल्या वर्षांत इंधनाचा दुष्काळ पडला असताना लेनिनने पीटकडे विशेष लक्ष दिले. अभियंता क्लासन यांनी पाण्याच्या फवाऱ्याने पीट काढण्याची पद्धत शोधली होती, आणि १९२० मध्ये तिच्यावरील चित्रपट लेनिनने स्वतः पाहिला. देशाच्या विद्युतीकरणात शातूरा येथील पीटवर चालणाऱ्या वीजकेंद्राला मोठे स्थान होते. यादवी युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या आणि चहूबाजूंनी वेढलेल्या देशाला त्या वेळी दुसरा मार्ग फारसा नव्हता. परंतु गरजेचे धोरण पुढे सवयीचे झाले. दलदल म्हणजे जिंकावयाचा प्रदेश ही दृष्टी दशकानुदशके टिकली, आणि नंतर कोरड्या केलेल्या जमिनी तशाच सोडून देण्यात आल्या. १९७२ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये मॉस्कोभोवतीच्या या जमिनी जळाल्या व राजधानी धुरात बुडाली. त्यानंतर त्या जमिनींत पुन्हा पाणी भरण्याचे काम हाती घ्यावे लागले. निसर्गावर मिळविलेल्या प्रत्येक विजयाचा सूड निसर्ग कसा उगवतो हे एंगल्सने लिहून ठेवले होते. ते वाचणाऱ्यांनीही ते नेहमीच पाळले असे नाही.

आता आपल्या देशातील आजची व्यवस्था पाहावी. वनजमीन अन्य कामासाठी वळवायची झाल्यास तिचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशाने हा दर हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजार रुपयांपर्यंत ठरला आणि २०२२ मध्ये तो वाढविण्यात आला. दर ठरतो तो जंगलाच्या प्रकारावर आणि झाडांच्या छत्राच्या दाटीवर. झाडी जितकी दाट तितका दर अधिक, आणि उघडी जमीन त्या वर्गात सर्वांत स्वस्त. म्हणजे ज्या जमिनीचा सारा गुण ती उघडी व ओली असण्यात आहे, ती या तक्त्यात आपोआप खालच्या पायरीवर जाते. १९७४ च्या रकान्यांत न बसलेली दलदल आजही रकान्यात नीट बसत नाही.

पाणथळींसाठी वेगळे नियम आहेत, पण तेही पाहण्यासारखे आहेत. २०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत, भातखाचरे वगळली आहेत, आणि वन व वन्यजीव कायद्यांखालील क्षेत्रातील पाणथळीही वगळल्या आहेत. त्यामुळे कबिनीचा काठ पाणथळ नाही, कारण ते धरण आहे. हडलू पाणथळ नाही, कारण ते जंगल आहे. वयल पाणथळ नाही, कारण ते शेत आहे. हत्तीला हा भेद अद्याप समजलेला नाही!

याचा अर्थ जंगलातील हडलूंना संरक्षण नाही असा नव्हे. नागरहोळे १९५५ मध्ये अभयारण्य झाले, सत्तरच्या दशकात म्हैसूर जिल्ह्यातील जंगले त्याला जोडली गेली, १९८३ मध्ये सुमारे ६४३ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प. शिकार आणि लाकूडतोड यांना आळा बसला, वाघ व त्यांचे भक्ष्य वाढले. हे यश खरे आहे आणि ते नाकारणे मूर्खपणाचे ठरेल. चळवळीतील काही मंडळी वन्यजीव संरक्षण म्हणजे शहरी श्रीमंतांची हौस असे म्हणून विषय संपवितात. ती भूमिका आदिवासींच्याही हिताची नाही. हडलू आटले तर प्रथम तहान लागते ती हाडीला, रिसॉर्टला नव्हे.

परंतु संरक्षणाची किंमत कोणी दिली, याचा हिशेबही तितकाच खरा आहे. उच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रा. मुजफ्फर असादी यांच्या समितीने २०१४ मध्ये अहवाल दिला. या उद्यानातून ३,४१८ आदिवासी कुटुंबे विस्थापित झाल्याची नोंद त्यात आहे. काही कुटुंबांना हुणसूर तालुक्यातील नागपुरा येथे (विदर्भातील वाचकांनी नावसाधर्म्याने चकित होऊ नये) घरे व जमिनी मिळाल्या, आणि शाळा व दवाखाना जवळ आला म्हणून समाधानी असणारेही त्यांत आहेत. अनेकांच्या वाट्याला मात्र कोडगूच्या कॉफीमळ्यांवरील मजुरी आली. जंगलाचा जाणकार मळ्याचा रोजंदार झाला. विस्थापनाचा हा परिणाम कोणत्याही पर्यावरणीय अहवालात मोजलेला आढळत नाही.

येथे मूल्यमापनाच्या शास्त्रातील एका कळीच्या मुद्द्याकडे वळले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी निसर्गस्थळांची पारख करण्याचे निकष मांडले. आकार, विविधता, नैसर्गिकता, दुर्मीळता, नाजूकपणा इत्यादी. जगभर त्यांचे अनुकरण झाले. त्यांपैकी ‘नैसर्गिकता’ हा निकष आपल्याकडे आला तो ‘मनुष्यविरहितता’ या अर्थाने. खुद्द ब्रिटनमध्ये मात्र शेकडो वर्षांच्या चराईने व गवतकापणीने घडलेली माळराने आणि कुरणे मौल्यवान मानली जातात आणि ती टिकावीत म्हणून शेतकऱ्यांना चराई चालू ठेवण्यासाठी पैसे दिले जातात. तेथे मेंढपाळ हा संरक्षणाचा कामगार ठरतो, येथे तो अतिक्रमक ठरतो.

याचे सर्वांत कडू उदाहरण राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव पाणथळीचे आहे. १९८१ मध्ये ती रामसर यादीत आली. १९८२ मध्ये तेथे म्हशींच्या चराईवर बंदी घालण्यात आली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मारली गेली. त्यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे दीर्घ अभ्यास केला. म्हशी गेल्यामुळे पाण्यातील एका गवताची बेसुमार वाढ झाली, उथळ पाणी गुदमरले आणि ज्या पक्ष्यांसाठी बंदी घातली त्यांच्याच जागा कमी झाल्या, असे त्यात दिसून आले. आधी गोळी आणि नंतर मोजमाप, असा हा क्रम होता. मोजमाप आधी झाले असते, आणि म्हैस चारणाऱ्याला त्यात विचारले असते, तर ती माणसे जिवंत राहिली असती.

कर्नाटकातच चामराजनगर जिल्ह्यातील बिळिगिरी रंगन डोंगरांत सोलिग आदिवासी पालापाचोळ्याला हंगामाच्या सुरुवातीस हलकी आग लावीत. आगीवर बंदी आल्यानंतर घाणेरीचे रान माजले असे ते सांगत आले, आणि पुढील शास्त्रीय अभ्यासांनी त्यांच्या म्हणण्याची गंभीर दखल घेतली. २०११ मध्ये तेथील सोलिगांच्या ग्रामसभांना व्याघ्र प्रकल्पातच सामूहिक वनहक्क मिळाले. एच. डी. कोटे आणि हुणसूरच्या हाड्यांना अशी मान्यता सहजी मिळालेली नाही. घाणेरी मात्र नागरहोळेतही हडलूच्या कडांना दाटली आहे.

महाराष्ट्रात सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाच्या कुळातील झाडांची दलदल आहे. चिखलातून गुडघ्यासारखी वर येणारी मुळे हे तिचे वैशिष्ट्य. २०२१ मध्ये राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केले. क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर. आकाराच्या निकषावर ती नापासच झाली असती. ती शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडेपर्यंत उभी राहिली ती गावाने देवराई म्हणून कुऱ्हाड लावू दिली नाही म्हणून. देवाच्या नावाने का होईना, पण ते सामूहिक मालकीचे आणि सामूहिक शिस्तीचे रक्षण होते.

कायद्यात या अनुभवाला जागा नाही असे नाही. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याच वर्षी दुरुस्त झालेला वन्यजीव कायदा यांनी स्पष्ट अटी घातल्या आहेत. आधी हक्कांची नोंद पूर्ण झाली पाहिजे. माणसांच्या तेथे राहण्याने वन्यजीवांचे न भरून येणारे नुकसान होते हे सिद्ध झाले पाहिजे. सहजीवनाचा मार्ग उपलब्ध नाही असा निष्कर्ष कारणांसह निघाला पाहिजे. त्यासाठी त्या प्रदेशाशी परिचित अशा पर्यावरणशास्त्रज्ञाचा आणि समाजशास्त्रज्ञाचा सल्ला घेतला पाहिजे. आणि शेवटी ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती. म्हणजे जागेगणिक मूल्यमापन ही कायद्याचीच मागणी आहे. असे असताना जून २०२४ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठवून व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील ५९१ गावांच्या, ६४,८०१ कुटुंबांच्या, पुनर्वसनाची कालबद्ध योजना मागितली. कोणत्या गावाने कोणत्या पाणवठ्याचे काय नुकसान केले, याचा त्यात पत्ता नव्हता. एकूण आकडा होता, आणि आकड्याला हाडी नसते.

मे २०२५ मध्ये नागरहोळेच्या कोडगू बाजूस करडीकल्लू अत्तूर कोल्ली येथे जेनू कुरुबांची ५२ कुटुंबे परतली. सुमारे चार दशकांपूर्वी त्यांना तेथून काढले गेले होते. आपल्या पूर्वजांची देवस्थाने आणि दफनभूमी त्यांनी पुरावा म्हणून दाखविल्या. वनखात्याने ते अतिक्रमण मानले. वनहक्काच्या नियमांत दफनभूमी आणि वडीलधाऱ्यांचे निवेदन हे दोन्ही ग्राह्य पुरावे आहेत. त्याच निवेदनांत हडलूत पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकत असे, कोणते गवत येत असे, आग कधी लावीत आणि जनावरे कोठून उतरत, हेही नोंदविता येते. वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने जलस्रोत आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. तालुक्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी दाव्यांच्या फायलीबरोबर हीदेखील नोंद करून घ्यावी आणि ती ग्रामसभेच्या ठरावाने उपविभागीय समितीपुढे ठेवावी. नोंदीचे काम मार्च-एप्रिलमध्येच व्हावे लागेल. पावसाळ्यात सगळेच रान हिरवे असते, आणि हडलू कोठे आहे हे तेव्हा नवख्याला ओळखू येत नाही.